तालमीच्या फळीवरचा डाग

साक्षी सुतार आमच्या गल्लीत राहायला आली तेव्हा तिच्या सामानात दोन लांबलचक शिड्या होत्या. संसार एका टेम्पोत मावला, पण शिड्यांसाठी वेगळी खेप करावी लागली. नवरा अमृत तासगावच्या एसटी डेपोत मेकॅनिक, त्यामुळे शिड्या त्याच्याच असणार असं गल्लीनं धरून चाललं. मग एकदा आमच्या शेजारच्या कौलांवर मांजरीनं पिल्लं घातली. ती कशी खाली आणायची यावर आम्ही चारचौघं रस्त्यात उभे राहून चर्चा करत होतो, तोवर साक्षीनं ओढणी कमरेला बांधली, शिडी लावली आणि एकही कौल न फोडता पिल्लं परातीत घालून खाली आणली. जाता जाता शेजाऱ्यांना सांगितलं, "मागच्या अंगाची तीन कौलं सरकल्यात. पावसाच्या आधी बसवून घ्या."

ती मूळची पाटणच्या वरच्या अंगाची, कोयनेच्या खोऱ्यातली. पावसाळ्यात तिकडं धुतलेले कपडे चुलीवर धरून वाळवावे लागतात. वडील जोतिबा सुतार घरांची छपरं दुरुस्त करायचे. जड माणसाच्या पायाखाली कौलं फुटतात म्हणून ते या हडकुळ्या पोरीलाच वर चढवायचे आणि खालून विचारायचे, "हात लाव. गार लागतंय का? वास घे. कसला येतोय?" लाकडाची भाषा ती अशी शिकली. पुढं कऱ्हाडला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि सांगलीत दारं-चौकटी बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागली. लाकडातली ओल मोजायचं मीटर तिनं पहिल्यांदा तिथं हातात धरलं. तळहाताएवढी डबी, पुढं दोन सुया. सुया लाकडात टोचल्या की आत शेकडा किती ओल आहे त्याचा आकडा दिसतो. वडील हातानं जे ओळखायचे त्याला आता आकडा मिळाला, याचा तिला कोण आनंद झाला होता.

मग एकोणीस सालचा महापूर आला. सांगलीतली कितीतरी घरं पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर जो तो रंग मारायच्या आणि दारं बसवायच्या घाईत होता. साक्षी कारखान्यातून सुटली की ओळखीच्यांच्या घरी मीटर घेऊन जायची आणि बहुतेकांना एकच सांगायची, "अजून थांबा." ज्यांनी ऐकलं त्यांची दारं नीट बसली. ज्यांनी नाही ऐकलं त्यांच्या रंगाला फोड आले, आणि पुढच्या वेळी त्यांनीच तिला निरोप धाडला. हळूहळू हेच काम एवढं वाढलं की तिनं नोकरी सोडली. कुठं गळतंय, का गळतंय, लाकूड ठेवायचं की बदलायचं, हे सांगणारी बाई म्हणून सांगली ते सातारा तिला बोलावणी येऊ लागली.

तिचं बोलणं ठाम. पण घाईनं ठाम नव्हे. हे मला नीट कळलं ते शेजारच्या गावातल्या तालमीच्या वेळी. त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं तिनं आणि वस्तादांनी सांगितलं.

ती तालीम जुनी. दगडी भिंती, वर सागवानी वासे, वाशांवर फळ्या आणि फळ्यांवर मंगलोरी कौलं. मधोमध कुस्तीच्या तांबड्या मातीचा हौदा, भोवतीनं फरशीचा काठ. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गारपीट झाली. द्राक्षबागा झोपल्या, आणि तालमीची कौलंही फुटली. बदाबदा पाणी आत आलं. कौलं लगेच बदलली, गळती थांबली. पण हौद्याच्या बरोबर वर, फळ्यांवर बाजेएवढा काळपट डाग उरला. चीत झालेल्या पैलवानाला डोळे उघडल्यावर आधी तोच दिसायचा.

तालमीच्या मंडळाचे अध्यक्ष वीरधवल. शिकलेले, मोठे बागायतदार, लहानपणी याच मातीत खेळलेले. एके दिवशी पोरं जोर काढत असताना मागच्या भिंतीजवळ लाकडाचा एक ढलपा वरून पडला. कुणाला लागलं नाही, पण वीरधवलांची झोप उडाली. त्यांचा पुतण्या तिथंच मेहनत करायचा. "डाग बघा केवढा आहे. छप्पर सडलंय. उतरवू आणि स्लॅब टाकू," असं ते म्हणू लागले.

वस्ताद गुंडा सत्तरी ओलांडलेले. त्यांचं म्हणणं, "स्लॅबखाली माती तापती. पोरं भाजून निघतील. आन् छप्पर उतरलं की तालीम चार-पाच वर्सं बंद. तवर पोरं कुठली ऱ्हात्यात?" दोघंही पोरांच्या काळजीनंच बोलत होते, पण बोलता बोलता आवाज चढले आणि एकमेकांशी बोलणंच बंद झालं. निरोप तिसऱ्या माणसाकरवी जाऊ लागले. शेवटी मंडळातल्या कुणीतरी साक्षीचं नाव काढलं, तेही नुसतं 'सुतार' म्हणून, आणि दोघांनी मान डोलावली. ती बाई आहे हे वस्तादांना कुणी सांगितलं नव्हतं.

पाऊस नुकता सरत आला होता. साक्षीला गावची वाट ठाऊक नव्हती म्हणून त्या दिवशी मी बरोबर गेलो. दारात वस्ताद आडवे उभे राहिले.

"पोरी, राग मानू नगं. बाईमाणूस तालमीत येत न्हाई. आजवर न्हाई आलं."

साक्षीनं चपला बाहेर काढल्या होत्या. ती तिथंच थांबली. "वस्ताद, तुमची माती मी तुडवणार न्हाई. पण डाग मातीच्या वर हाय. मला तिथवर हात पोचवायचाय. कसं जायचं ते तुमी सांगा."

 वस्तादांनी एका पैलवानाला हाक मारली. हौद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोन जाड फळ्या टाकून घेतल्या, त्यावर घोडा-शिडी उभी केली, आणि शिडीचे पाय स्वतः धरून म्हणाले, "चढ."

तिनं डागाच्या मध्यभागी सुया टोचल्या. "अठरा."

खाली वीरधवल उभे होते. "बघा! अठरा म्हणजे ओलंच झालं की. मुरतंय अजून."

"दादा, आत्ता आकडं नुसतं ऐकून ठेवा. अर्थ मागनं लावू."

डागाच्या कडेला जिथं काळी रेघ उमटली होती तिथं मोजलं, तिथंही अठरा. मग शिडी दाराकडं नेली. तिथली फळी स्वच्छ, डागाचा मागमूस नाही. तिथं सतरा. पलीकडच्या फळीवर पुन्हा अठरा.

आता ती खाली बघून बोलू लागली. "डाग म्हंजी पाणी येऊन गेल्याची खूण. पाणी आज तिथं हाय का न्हाई, ते डाग सांगत न्हाई. पाऊस आत्ता कुठं उघडलाय, हवाच ओली हाय, ती सगळंच लाकूड पितंय. डागाची फळी शेजारच्या चांगल्या फळीपेक्षा लय ओली निघाली असती, तर मी म्हणाले असते, गळतंय. पण सगळ्या सारख्याच हायेत."

वस्तादांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. ते फार टिकलं नाही. साक्षी शिडी सरकवत मागच्या कोपऱ्यात, आढ्याजवळ गेली होती. तिथं ना डाग, ना काळेपणा. उगाच आपलं पूर्ण करायचं म्हणून तिनं सुया टोचल्या असं मला वाटलं. आकडा बघून तिनं सुया पुसल्या आणि पुन्हा टोचल्या. वीतभर अलीकडं टोचल्या.

"पंचवीस," ती म्हणाली. "हितं चोवीस."

"तिथं? तिथं तर कवा थेंब पडला न्हाई!" वस्ताद म्हणाले.

वीरधवलांनी घड्याळाकडं पाहिलं. "ताई, संध्याकाळी मंडळाची बैठक आहे. छप्पर ठेवायचं की काढायचं, एवढं सांगा."

"आज न्हाई सांगत."

"सांगता येत नाही की सांगत नाही?"

"आज सांगितलं तर तो अंदाज हुईल, दादा. अंदाजावर छप्पर काढूबी नये आन् ठेवूबी नये. दिवाळी होऊ द्या, हवा कोरडी होऊ द्या. लाकूड वाळाया लागलं की खरं काय ते दिसंल. तवर मागच्या भिंतीकडं कुणाला खेळवू नका. दोर बांधून ती बाजू बंद ठेवा."

वीरधवल नाराज झाले, पण दोर त्यांनीच आणून बांधला.

परतीच्या वाटेवर मी तिला विचारलं, "तुला खरंच ठाऊक नव्हतं, की मुद्दाम थांबलीस?"

"ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आन् ठाऊक न्हाई हे मला पक्कं ठाऊक होतं."

दिवाळीनंतर थंडी पडली. द्राक्षांच्या छाटण्या उरकून बागा हिरव्या झाल्या, रस्त्यावर धूळ उडू लागली. साक्षी पुन्हा गेली. डागावर अकरा, दाराकडच्या स्वच्छ फळीवर अकरा. म्हणजे डाग निर्दोष सुटला. मागच्या कोपऱ्यात मात्र आकडा चोवीसच्या खाली उतरायला तयार नव्हता.

तिनं शिडी बाहेरून लावली, त्या कोपऱ्यावरची कौलं उचलून पाहिली. फळीची वरची बाजू खडखडीत. धूळ, कोळ्याची जाळी आणि एक वाळकं पान. पाऊस थांबून कितीतरी दिवस झालेले, वरून पाणी यायला वाटच नाही. ती कौलांवर बसूनच विचार करत राहिली. मग खाली येऊन वस्तादांना म्हणाली, "पाणी वरनं येत न्हाई. खालनं येतंय. मला पोरं मेहनत करत्यात त्या वेळेला आत बसायला पायजे."

वस्तादांनी कानावर हात ठेवले. "आवं बाई, पोरं लंगोटावर असत्यात!"

"वस्ताद, मी खाली बघाया येत न्हाई. वर बघाया येतीय."

त्यावर आजूबाजूचे सगळे हसले, वस्तादही हसले, पण होकार दिला नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "उद्या पहाटं ये. पोरांना चड्ड्या घालाया सांगितल्यात."

अमृतनं तिला मोटारसायकलवरून सोडलं आणि तो बाहेर शेकोटीजवळ बसला. साक्षी भिंतीकडेच्या शिडीवर, वरच्या पायरीवर शाल गुंडाळून बसली. बाहेर दात वाजवणारी थंडी, आणि आत तीसेक पोरांचा श्वास. कुणी जोर काढतंय, कुणी बैठका मारतंय. दोघं हौद्यातली माती फावड्यानं उकरत होते. मातीत पाणी, ताक, तेल, हळद घातलेलं. उकरली की तिचा उबदार वास वर येत होता. मागच्या बाजूला अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला, आणि त्याच्या पडवीचं दार आतच उघडत होतं. घामाची, मातीची, बंबाची सगळी वाफ वर चढत होती आणि आढ्याजवळच्या त्या कोपऱ्यात जाऊन थांबत होती.

साक्षीनं वर बॅटरी मारली. कौलं ज्यांवर टेकतात त्या रिपांचे खिळे फळ्यांतून आरपार आत आले होते. त्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब लोंबत होता. बाहेरच्या थंडीनं खिळे गार पडलेले आणि आतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन जमत होती. एक थेंब सुटला आणि खाली एका पैलवानाच्या पाठीवर पडला. त्यानं घाम समजून पुसून टाकला.

"वस्ताद," तिनं हाक मारली, "जरा वर या."

सत्तरी ओलांडलेला तो माणूस सरसर शिडी चढला. तिनं दाखवलेल्या खिळ्याला त्यांनी बोट लावलं आणि बोटाकडं बघत राहिले.

"हे पाणी कुठनं आलं?"

"तुमच्या मातीतनं. पोरांच्या अंगातनं. आन् त्या बंबातनं. आधी हे बाहेर जात असणार. आढ्याखाली झरोकं होतं का हो?"

 वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "हुतं की. दोनी अंगाला. गारा पडल्या तवा तिथनं पाणी आत आलं. आन् उन्हाळ्यात वाऱ्यानं माती लय सुकायची. म्हनून म्याच सगळी भोकं बुजवून घेतली. पत्रं ठोकलं, वर सिमेंट."

"मातीसाठी केलंत."

"व्हय, मातीसाठीच," वस्ताद म्हणाले. "पर छपराचा इचार न्हाई आला गड्या मनात."

साक्षीनं मला नंतर सांगितलं, त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं. दिवाळीपासून तो कोपरा तिच्या डोक्यात बसला होता. भाकरी थापतानाही ती वर छताकडं बघायची, म्हणून अमृत तिची चेष्टा करायचा.

पण काम तिथं संपलं नव्हतं. वरून पडलेल्या ढलप्याचा उलगडा राहिला होता. उजाडल्यावर पोरं अंघोळीला गेली आणि तिनं दोराच्या पलीकडं, मागच्या भिंतीवर जिथं वाशांची टोकं टेकतात तिथं शिडी लावली. एका वाशाला मीटर लावलं. अकरा. कोरडं. वीरधवल तोवर आले होते, त्यांनी खालून विचारलं, "इथं तर काही नाही ना?"

साक्षीनं पिशवीतून गोणी शिवायचं दाभण काढलं आणि वाशात खुपसलं. दाभण मुठीपर्यंत आत गेलं, शेजारच्या वाशातही तसंच. खाली भुसा पडला. मग डागाच्या आणि मागच्या कोपऱ्याच्या फळ्यांतही तिनं ते टोचून पाहिलं, तिथं टोकसुद्धा शिरलं नाही.

ती खाली उतरली. तालमीबाहेरच्या दगडी बाकावर दोन टोकांना वस्ताद आणि वीरधवल बसले होते. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"आता सांगते. डाग जुना हाय, वाळलेला हाय, त्या फळ्या चांगल्या हायेत. त्यांच्यासाठी छप्पर उतरवायची गरज न्हाई. मागचा कोपरा ओला हाय, पर गळतीनं न्हाई, कोंडलेल्या वाफेनं. झरोकं उघडा, जाळी बसवा, वर लहान पत्र्याची छपरी काढा म्हंजी पाऊस आत येणार न्हाई. बंबाचं दार बाहेरनं करा. लाकूड अजून टणक हाय, आपोआप वाळंल."

वस्तादांनी मांडीवर थाप मारली.

"थांबा वस्ताद. वीरधवलदादांचंबी खरं हाय. गारपिटीचं पाणी फळीवरनं वाहत जाऊन भिंतीपाशी साठलं. तिथं वाशांची टोकं कुजली. पुढं ती वाळली. आता मीटर लावलं तर कोरडी दावतंय, कारण ती कोरडीच हायेत. पर आत दम न्हाई. मीटर ओल सांगतं, ताकद न्हाई सांगत. ढलपा तिथनंच पडला. ते दोन वासे आन् त्यांच्यावरच्या फळ्या लगेच बदला. ते झाल्याबिगर दोर काढायचा न्हाई."

 वीरधवल वस्तादांकडं न बघताच म्हणाले, "मी काय म्हणत होतो? कुजलंय म्हणून."

"व्हय की," वस्ताद म्हणाले, "म्हनत हुतास."

कित्येक महिन्यांनी दोघांची ही पहिली बोलाचाली. मग वीरधवल वस्तादांच्या जवळ सरकून बसले आणि झरोके नेमके कुठं होते, केवढे होते, हे विचारू लागले. लहानपणी त्यातल्या एका झरोक्यातून आपण बाहेरच्या चिंचा काढायचो, असं त्यांना आठवलं. वस्तादांना तेही ठाऊक होतं.

काम व्हायला हिवाळा गेला. नवे सागवानी वासे आले, बंबाची पडवी बाहेरून मोकळी झाली. झरोके उघडल्यावर माती सुकेल ही वस्तादांची धाकधूक होती. त्यावर दुपारी हौद्यावर ओली गोणपाटं अंथरायची असं ठरलं, आणि ती युक्ती वस्तादांनीच काढली. होळीच्या सुमारास साक्षी पुन्हा मीटर घेऊन गेली. या खेपेला हौद्यावर फळ्या टाकलेल्या नव्हत्या. ती काठावर थांबली.

"फळ्या कुठं हायेत, वस्ताद?"

"ऱ्हाऊ दे त्या. नळावर पाय धू आन् ये."

ती मातीवरून चालत गेली. मऊ, गार माती होती, असं ती सांगते.  कोपऱ्यातला आकडा तेरावर आला होता.

मंडळाला आता डाग रंगवून टाकायचा होता. हनुमान जयंतीला कुस्त्यांचं मैदान, पाहुणे येणार, वर काळं दिसायला नको. एक पैलवान रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढलाही होता.

"खाली उतर," साक्षी म्हणाली. "रंग मारलास तर उद्या नवं पाणी आलं ते तुला कळायचं कसं?" मग ती स्वतः चढली आणि सुतारी पेन्सिलीनं डागाच्या कडेकडेनं सबंध रेघ ओढली. वरूनच वस्तादांना म्हणाली, "डाग या रेघंच्या बाहेर गेला तर मला फोन करा. आतच ऱ्हायला तर चहाला बोलवा."

त्या वर्षी पाऊस जोराचा झाला. एकदा सलग झड लागली असताना वस्तादांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणून त्यांनी ठेवून दिला. ती मीटर घेऊन भिजत पोचली तर वस्ताद आणि वीरधवल बाहेरच्या पडवीत बसले होते, चुलीवर चहा उकळत होता आणि ताटात गरम भजी होती. आत पोरांचे शड्डू घुमत होते. मुली मातीत उतराव्यात की नाही, यावर दोघांचा नवा वाद चालू होता. शेजारच्या खोलीत मॅट टाकून काही मुलींनी सराव सुरू केला होता, त्यावरून. पण या खेपेला दोघं एकमेकांशीच भांडत होते.

साक्षीनं चहा घेतला आणि शेजारच्या खोलीच्या उघड्या दारातून सवयीनं वर छताकडं नजर टाकली. मग वस्तादांना म्हणाली, "मुलींच्या खोलीलाबी झरोका काढा. तिथंबी वाफ कोंडतीया."